वाढदिवसाच्या शेवया

ताताय, म्हणजे माझे वडील, मला नावाने हाक मारत नसत. मी इंजिनिअरची परीक्षा पास झाले त्या दिवसापासून, अकरा वर्षं, घरात मी 'इंजिनिअर'. "इंजिनिअर, उठा, भात गार होतोय." "इंजिनिअर, छत्री घेतलीत का?" शेजारची कोंबडी कुंपणातून आत घुसली तरी, "इंजिनिअर, तुमच्या कुंपणाला भोक पडलंय हो!" आमच्या इलोइलो प्रांतात पोरगी पास झाली की घरावर तिच्या फोटोचा फलक लावतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी काढतात. आमचा अजून होता. उन्हाने माझं तोंड पार पुसलं गेलं होतं, तरी ताताय कुणाला हात लावू देत नव्हते.

ते गवंडी होते. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली, आणि चाळीस वर्षं कुणी ना कुणी इंजिनिअर येऊन बुटाच्या टोकाने दाखवायचा, हे तोडा, पुन्हा बांधा. आता घरचीच पोरगी इंजिनिअर, याचं त्यांना किती कौतुक होतं ते मला माहीत होतं. म्हणून तर सगळा घोटाळा झाला.

कारण मी त्या नोकरीला विटले होते. नऊ वर्षं नकाशे माझे, सही साहेबांची. बाजाराजवळच्या पुलाचं एकूण एक गणित मी केलं, आणि उद्घाटनाला मी पाहुण्यांना सरबत वाटत होते. मग साहेबांनी आपला जावई माझ्या डोक्यावर आणून बसवला. तुळई कुठली आणि खांब कुठला, हे त्याला मीच शिकवायचं! दिला राजीनामा. एका ऑस्ट्रेलियन बिल्डरची कामं स्वतःची स्वतः घ्यायला लागले.

तातायांच्या कानावर घालून बघितलं नव्हतं असं नाही. जेवताना सहज विषय काढला होता, की परदेशातली कामं घरूनही करता येतात.

"घरात बसून?" ते हसले. "मग लोकांना कळणार कसं, इंजिनिअर कोण ते? हेल्मेट घालून स्वयंपाकघरात बसणार का?"

मीही हसले. आणि पुढचे दोन महिने रोज सकाळी कंपनीचा निळा शर्ट चढवून, त्यांनी भरलेला डबा घेऊन, जीपने शहरात जात राहिले. एका बेकरीच्या माळ्यावर टेबल भाड्याने घेतलं होतं. काम चांगलं होतं, माणसं नीट बोलत होती. फक्त डबा उघडला की घास उतरत नसे. पुढच्या आठवड्यात सांगू, म्हणायचे. भित्री मेली मी.

माझ्या वाढदिवसाच्या दुपारी जुन्या ऑफिसातल्या जोसलिनचा फोन आला. घास तोंडात ठेवूनच बोलत होती.

"अगं, काय झकास पान्सित गं! तुझे वडील शेवयांची केवढी परात घेऊन आले, जीपमधून, मांडीवर धरून. सगळ्यांना पुरून उरलं."

मी खुर्चीतून उठलेच. "काय म्हणाले?"

"रखवालदाराला विचारत होते, इंजिनिअर कुठे बसतात? तो म्हणाला, ती तर दोन महिन्यांपूर्वीच सोडून गेली. त्यांनी परात टेबलावर ठेवली. नंतर हसून म्हणाले, हो हो, मला माहीत आहे की. तिनेच पाठवलंय. जाताना तुम्हाला खाऊ घालायचं राहून गेलं म्हणाली. स्वतःच्या हाताने वाढलं गं सगळ्यांना. साहेबांनासुद्धा."

साहेबांनासुद्धा. माझ्या बापाला उभ्या आयुष्यात खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आता माझ्यासाठी बोलले, आणि तेही त्या माणसासमोर.

घरी पोचले तेव्हा ताताय मागच्या पायरीवर परात धूत होते. टेबलावर माझा वाटा झाकून ठेवला होता.

"ताताय, मी सांगणार होते."

"आधी खा. शेवया तोडू नकोस, आयुष्य तुटतं."

"रागवा ना माझ्यावर. काहीतरी बोला."

त्यांनी परात पुन्हा एकदा विसळली. "नोकरी सोडलीस त्याचं काही नाही. मान नाही तिथे मी चाळीस वर्षं काढली, तेवढी पुरे झाली." मग हळूच म्हणाले, "पण मी रोज पहाटे उठून डबा भरत होतो गं. एक दिवस तरी म्हणायचंस, ताताय, आज नका भरू."

"मला वाटलं, तुम्ही खचाल."

"मी गवंडी आहे. तोडून पुन्हा बांधायची सवय आहे मला. तू तेवढा भरवसाही ठेवला नाहीस."

मी गार शेवया खाल्ल्या. रडत होते, तरी एकही तोडली नाही. ते माझ्याजवळ येऊन बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उशिरा जाग आली. कुणी उठवलंच नव्हतं. डबा फळीवर पालथा घातलेला होता. बाहेर येऊन बघते तर ताताय शिडीवर चढून फलकाच्या दोऱ्या सोडत होते.

"राहू दे ना, ताताय."

"जुना झालाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मेर्लिंडा, शिडी धर."

मी शिडी धरली.