पाठीवर लिहिलेलं औषध

मित्रांनो, ठिबकच्या फाटक्या नळ्या बांधावर पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या नळ्या म्हणजे माझा मागचा जन्म. रनाळ्याच्या शेतांतून त्या नंदुरबारच्या एका कारखान्यात आल्या, वितळल्या, त्यांचा प्लास्टिकचा दाणा झाला आणि त्या दाण्यापासून मी घडलो. निळा, धट्टाकट्टा ड्रम. आता जुना झालो आहे, पण अंगावर एक पोचा नाही, हे जरा मिरवूनच सांगतो.

त्या कारखान्यात काही वाया जाऊ देत नसत. भरून गेलेला ड्रम रिकामा होऊन परत यायचा आणि पुन्हा भरला जायचा. तडकला तर दळून त्याचाच नवा ड्रम व्हायचा. पण परत आलेल्याच्या पोटात आधी काय होतं हे कळलं नाही, तर सगळाच घोटाळा. म्हणून तिथल्या ममताताई प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी चिकटवायच्या आणि आमची हकिकत संगणकात भरून ठेवायच्या. माझ्या पोटात पिकांवर फवारायचं विष असे. आमच्याकडे सपाटीवर त्याला औषध म्हणतात.

एकदा माझी चिठ्ठी गळून पडली. गाडी सुटायची वेळ झाली होती. माल चढवणाऱ्या सुकलालभाऊंनी पांढरा रंग घेतला आणि माझ्या पाठीवर एवढंच लिहिलं, 'औषध'.

"पुरं लिखा, भाऊ. हाऊ ड्रम कोठे जाई, काय माहीत," ममताताई म्हणाल्या.

"औषध म्हंजे काय, हाई कोणले माहीत नई?" सुकलालभाऊ हसले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ताईंनी गाडी जाऊ दिली.

प्रकाशा गावातल्या एका दुकानात मी रिकामा झालो. तिथून परत जायचं, तर कुणीतरी मला बाजारात विकलं आणि मी नवापूरच्या डोंगरात, याकूब आणि मोगराबाईच्या दारात आलो. त्यांच्या रंजनाने माझी पाठ वाचली. शाळेच्या पुस्तकात औषध म्हणजे आजार बरा करणारं. तिने घरच्या बोलीत आईला समजावलं, की हा दवाखान्यातला ड्रम, म्हणजे चांगलाच असणार. मोगराबाईने मला राखेने घासघासून धुतलं आणि पिण्याचं पाणी भरलं. इतक्या मायेने मला आजवर कुणी धुतलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगात मुरलेलं विष राखेने थोडंच निघणार?

माझी सगळी हकिकत नंदुरबारच्या संगणकात अजून आहे. पण संगणक तिकडे आणि मी इकडे.

काल रंजनाला दवाखान्यात नेलं. उलट्या थांबेनात. आज याकूब तिचे कपडे न्यायला घरी आला, तेव्हा शेजारच्या इमॅन्युएलने चौकशी केली.

"डॉक्टर सारखं विचारतात, पोरीने काय खाल्लं, काय प्यालं," याकूब म्हणाला. "मी सांगितलं, घरचंच. भाकर आणि पाणी."

मग त्याने माझ्यात तांब्या बुडवला आणि एक बाटली भरली. "तिथलं पाणी तिच्या घशाखाली उतरत नाही," असं म्हणत बूच घट्ट लावलं.

मित्रांनो, उद्या तुम्ही कारखाने चालवाल. जुन्याचं नवं जरूर करा. पण त्याच्या पोटात काय होतं, ते परक्यालाही कळेल असं त्याच्या अंगावर लिहा आणि मगच त्याला फाटकाबाहेर सोडा. आम्हाला तोंड नाही हो. आणि आत्ता तुमच्यापैकी कुणी नवापूरच्या रस्त्यावर असेल, तर याकूबला थांबवा. बाटली त्याच्या पिशवीत, कपड्यांच्या खाली आहे.