दोन टेबलं आणि एक आंघोळ

जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि आदिलाबादच्या त्या दवाखान्यात खुर्च्या-टेबलांची नुसती पळापळ उडाली. चारुशीलाबाईंची खोली गेली. त्यांचं टेबल मेंदूच्या डॉक्टरांच्या, हणमंतरावांच्या खोलीत आणून टाकलं. आता बघा, बाई मानसतज्ज्ञ, वागण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या: आधी काय घडलं, माणूस कसा वागला, नंतर काय झालं. डॉक्टर मेंदूचे आलेख वाचणारे. एकाचं दुसऱ्याला पटेल तर शपथ! सहा महिने नमस्कारापलीकडे बोलणं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत वांकिडीहून डोमाजी आणि त्यांची बायको बयनाबाई आले. वांकिडी आता दुसऱ्या जिल्ह्यात, पण पायांची सवय कुठं जाते? आंघोळीला बसले की डोमाजी मध्येच बावचळत, बायकोचा हात झिडकारत, "कोण वं तू?" म्हणत. शेवटी घरची आंघोळच सोडली त्यांनी. नदीवर मात्र खुशाल डुंबत.

"तीस वर्सं झाले लगनाले, बाई," बयनाबाई म्हणाल्या. "माह्या हाताचा इट आला असन त्याईले. तसं असन त सांगून टाका."

"मले त काईच आठोत नाई," डोमाजी खाली मान घालून पुटपुटले.

डॉक्टरांचा आलेख साफ निघाला. बाईंची वही मात्र वाईट बोलत होती: बायको जवळ असली की त्रास, नसली की काही नाही. 'आंघोळीच्या वेळी पत्नीनं दूर राहावं,' असं त्यांनी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. हे त्या माउलीला सांगायचं कोणत्या तोंडानं? बाईंनी अभिमान गिळला आणि वही डॉक्टरांपुढं सरकवली.

डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. "नदीचं पाणी गार असतं. घरचं कसं असतं, बयनाबाई?"

"कढत. दिसभर कापूस येचून मान धरते त्याईची. मंग मीच वतत गेली डोक्यावर, तांब्यावर तांबे. जितकं सोसन तितकं."

डोक्यावर फार गरम पाणी पडलं की काहींना फिट येते, हातपाय न झाडता नुसतं भान जातं, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "पण माझ्या आलेखात हे जन्मात दिसलं नसतं, बाई."

"आणि मी तर बायकोलाच हाकलून देत होते," चारुशीलाबाई म्हणाल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आनंदही झाला. त्यांनी ती ओळ खोडली.

महिन्यानं दोघं परत आले. गोळी चालू, पाणी कोमट. पुन्हा तसं झालं का, असं बाईंनी विचारलं.

"नाई जी. पण माहं मन मानत नाई. दर तांब्याले इचारनं होते, मी कोण?"

"मग काय सांगतात?"

बयनाबाईंनी पदर तोंडाला लावला. लग्नातला उखाणा सोडला तर उभ्या जन्मात बायकोचं नाव न घेतलेले डोमाजी भर दवाखान्यात म्हणाले, "बयना."