चार नंबरचा सेट

"हा सेट यांच्याच गाडीतला ना?" डबा टेबलावर ठेवता ठेवता वहिनींनी विचारलं.

वायरलेसकाकांनी हातातली सोल्डर गन बाजूला ठेवली. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. माइकच्या बटणावरचं रबर एका बाजूने पार गुळगुळीत झालं होतं, आणि ते कुणाच्या अंगठ्याने झालं हे रुग्णवाहिकांच्या त्या डेपोत सगळ्यांनाच ठाऊक होतं. दादा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, बावीस वर्षं चार नंबरची गाडी चालवत होते आणि त्यातली निम्मी वर्षं माइकवर बोलत होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. यंदा गाडी भंगारात निघाली, तेव्हा काकांनी सगळ्यात आधी तिचा वायरलेस सेट उतरवून घेतला.

"आणि हा दुसरा?"

"सात नंबरच्या गाडीतला. टेकडीपलीकडून गाडी बोलते ते टेकडीलाच अडतं. म्हणून हे दोघं टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर बसणार. एक ऐकणार, आणि त्याने ऐकलेलं दुसरा त्याच क्षणी मोठ्यांदा बोलणार. मग इकडे डेपोत ऐकू येईल."

"म्हणजे आमच्या शेजारीणबाई."

"त्या पदरचं घालतात. हा नाही घालणार."

वहिनी हसल्या, पण हसू टिकलं नाही. टेकडीपलीकडच्या सहा वस्त्यांवर दर गुरुवारी जाणारी नर्स म्हणजे त्यांचीच लेक, छबू. तिथे मोबाइलही लागत नाही. मागच्या महिन्यात गाडी चिखलात रुतली, तेव्हा चार तास कुणाला पत्ता नव्हता. डेपो ज्यांच्या हाताखाली होता त्या मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं : या गुरुवारी संपर्क झाला तर ठीक, नाहीतर फेरी बंद.

"होऊ दे की बंद," वहिनी म्हणाल्या. "तिला समजवायचं सोडून तुम्हीही तिचीच री ओढताय, भावजी."

काका डबा उघडू लागले. वहिनींशी वाद घालून जिंकल्याचं त्यांना एकदाही आठवत नव्हतं.

टेकडीवर माइकचं बटण दाबायला माणूस नसणार. म्हणून ऐकणाऱ्या सेटला हाक लागली की बोलणाऱ्याचं बटण आपोआप दाबलं जाईल, अशी तार काकांनी ओढली. आवाज फाटू नये म्हणून मध्ये कमी-जास्त करायची खुंटी घातली. बोलून बोलून सेट तापतो, म्हणून त्याची शक्ती निम्मी केली आणि मागे पंखा बसवला. राहिलं एकच. दोघांपैकी बोलायचं कुणी? काकांच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. दादा जन्मात कधी ऐकणाऱ्यांतले नव्हते. चार नंबर बोलणार, सात नंबर ऐकणार. एरवी मीटरला लावल्याशिवाय काका साधी वायरही जोडत नसत. या वेळी लावलं नाही.

मंगळवारी सेट टाकीवर चढले. डेपोच्या फाटकातून बोलून पाहिलं, झकास. टेकडीच्या पायथ्याशी, झकास. मग छबू गाडी घेऊन पलीकडे गेली आणि काका डेपोत कान लावून बसले.

"हॅ... का... ऐ... ये..." कट्. कट्. कट्.

दारातून मोठे डॉक्टर डोकावले. "उचकी लागलीय का हो तुमच्या यंत्राला?"

संध्याकाळी काका वहिनींकडे गेले. छबू कामावरून यायची होती. वहिनी तिच्या गणवेशाचं बटण लावत बसल्या होत्या.

"जवळची हाक ठणठणीत असते, ती निभावते," काका म्हणाले. "लांबची बारीक असते. ती सात नंबरच्या कानावर पडते, चार नंबर बोलायला लागतो, आणि याच्या गोंगाटात त्याला तीच हाक ऐकू येईनाशी होते. मग हा गप्प. हा गप्प झाला की त्याला परत ऐकू येतं, की परत हा सुरू."

"म्हणजे हे घरात बोलायला लागले की दुसऱ्या कुणाचं ऐकू यायचं नाही, तसंच."

"अगदी तसंच."

वहिनींनी दोरा दाताने तोडला. "कान मात्र तिखट होते हो त्यांचे. छबू तान्ही असताना रडायचीसुद्धा गरज नव्हती. नुसती कुशीवर वळली तरी उठून बसायचे. मी आपली गाढ झोपलेली." मग त्या म्हणाल्या, "जन्मभर बोलले. आता ऐकू दे त्यांना."

"वहिनी, हे जमलं तर फेरी चालू राहील."

"मला कळतंय ते."

बुधवारी काकांनी दोन्ही सेट खाली आणून मीटरला लावले आणि कपाळावर हात मारला. चार नंबरचा बोलायचा भाग म्हातारा झाला होता, स्वतःच्या चॅनेलवर न राहता आजूबाजूला खरखर सांडत होता. ऐकण्यात मात्र सात नंबर त्याच्या पासंगाला पुरत नव्हता. काकांनी तारांची अदलाबदल केली, दोघांचे चॅनेल बदलले : आता सात नंबर बोलणार, चार नंबर ऐकणार. एकाचा गोंगाट दुसऱ्याच्या कानी पडू नये म्हणून एक अँटेना टाकीच्या माथ्यावर लावली, दुसरी शिडीच्या बुडाशी.

गुरुवारी दहा वाजताच वहिनी डबा घेऊन डेपोत हजर. इतक्या लवकर कशा, असं कुणी विचारलं नाही. मोठे डॉक्टर घड्याळाकडे बघत उभे होते.

"डेपो, डेपो. पहिल्या वस्तीवर पोचलोय. अकरा पेशंट आहेत, दोन बाळं. काका, येतोय का आवाज? ओव्हर."

एकही अक्षर तुटलं नव्हतं.

"चालू राहू दे फेरी," मोठे डॉक्टर म्हणाले आणि कामाला निघून गेले.

काकांनी माइक वहिनींपुढे धरला. टेकडीवर माइकचं काम नव्हतं, म्हणून चार नंबरचा माइक त्यांनी डेपोतल्या सेटला जोडला होता. वहिनींनी तो दोन्ही हातांनी घेतला. अंगठा आपसूक त्या गुळगुळीत जागी गेला.

"छबू, डबा खाल्लास का गं?"

पलीकडून उत्तर नाही. वहिनींनी काकांकडे पाहिलं.

"बटण सोडा, वहिनी. दाबून ठेवलं तर तिचं ऐकू येणार नाही."

वहिनींनी हळूच अंगठा उचलला. छबूचा आवाज येण्याआधी क्षणभर टेकडीवरची नुसती खरखर आली. ती त्यांनी डोळे मिटून ऐकली.