नंदीशच्या नावाचा बिल्ला

सकाळी आठच्या सुमारास महानंदा नवऱ्याच्या डाव्या तळहातावर बेलाचे पान ठेवत होती. श्रीशैल पाटावर बसला होता. डाव्या हातात इष्टलिंग, कपाळावर विभूती, आणि ज्या उजव्या हाताने पूजा करायची तो मनगटापासून बोटांपर्यंत पट्टीत गुंडाळून मांडीवर टाकलेला. पाणी तिनेच घातले, गंधही तिनेच लावले. लग्नाला सहा वर्षे झाली, पण नवऱ्याच्या पूजेत तिने कधी हात घातला नव्हता. गेले बावीस दिवस मात्र ती रोज घालत होती.

"दुखतंय का?" तिने विचारले.

"दुखत असतं तर बरं झालं असतं," श्रीशैल म्हणाला. "दोन बोटं हायत का न्हाईत तेच कळंना आता."

उमरग्यापासून दोन कोसांवरचे हे गाव. हैदराबादच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज इथल्या चुलीपर्यंत येतो. गावात सगळ्यांना सांगितले होते, की श्रीशैलच्या हातावर तेलाची कढई कलंडली. उमरग्याच्या दवाखान्यातही तेच सांगितले. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी मलम दिले. तिसऱ्या खेपेला त्यांनी चष्मा काढून बराच वेळ हात न्याहाळला. "तेलानं भाजलेलं एव्हाना वाळायला लागतं. हे आतून कुजतंय. खरं काय झालं ते सांगा, म्हणजे औषध देता येईल."

श्रीशैलने मान खाली घातली. उत्तर त्याच्या वडिलांनी, रेवणप्पांनी दिले. "तेलच हो, डॉक्टर."

खरे काय झाले, ते त्या घरातल्या चौघांना आणि मुकादम हिंमतरावाला ठाऊक होते. चौथा म्हणजे धाकटा भाऊ नंदीश. घरचे सोयाबीन आणि दोन म्हशी यांच्यापलीकडे ज्याने फारसे जग पाहिले नाही, असा हा पोरगेला माणूस. आणि साऱ्या गोष्टीच्या मुळाशी त्याचेच नाव होते.

आमच्या भागात नाव उसने देणे हा कुणालाच गुन्हा वाटत नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटावर बापाचे नाव असते आणि खड्डा मुलगा खणतो. बचत गटाच्या सभेला सासूच्या नावाने सून जाऊन अंगठा देऊन येते. ग्रामसेवकाला ठाऊक असते, सरपंचाला ठाऊक असते आणि सगळे हसून सोडून देतात. घर एक, मग नाव कुणाचेही लागले तर काय बिघडले? या भाबड्या हिशेबाचा फायदा कोण कसा उठवतो, ते पाहायचे असेल तर हिंमतरावाकडे पाहावे.

हिंमतराव दरवर्षी गावातली माणसे दूर परराज्यातल्या एका अणुवीज केंद्रात घेऊन जाई. केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवले, की आत पुसायला, घासायला, नळ खोलायला शेकडो हंगामी माणसे लागतात. तिथे प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला लावतात. डोळ्यांना न दिसणारे जे किरण अंगातून जातात, त्यांची मोजदाद त्या बिल्ल्यात होते. ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिल्ला भरला, की त्या माणसाला वर्षभर आत सोडत नाहीत. नियम चांगला आहे आणि माणसाच्या जिवासाठीच केलेला आहे. पण हिंमतरावाला हातात कसब असलेली माणसे घरी धाडायला परवडत नव्हती. श्रीशैलचा बिल्ला भरला, त्या दिवशी त्याने नंदीशच्या नावाचा बिल्ला काढून त्याच्या छातीला लावला. दोन वर्षांपूर्वी नंदीश चार दिवस तिथे राहून घाबरून पळून आला होता. त्याचा आत जायचा पास हिंमतरावाने जपून ठेवला होता, त्यावरच हा बिल्ला निघाला. भावाभावांचे तोंडवळे सारखे. कुणी दोनदा पाहिले नाही.

"भावाचंच नाव हाय की," हिंमतराव म्हणाला होता. "परक्याचं थोडंच हाय?"

आणि मग तो दिवस आला. आतल्या एका खोलीत यंत्राचा काही भाग मोडला होता. दोन मिनिटांत फरशी झाडून बाहेर यायचे, एवढाच हुकूम होता. केरात बोटाएवढा धातूचा तुकडा होता. श्रीशैलने तो हातमोज्यातल्या हाताने उचलला आणि बादलीत टाकला. बस, एवढेच. जेवायच्या आधी त्याला उलट्या सुरू झाल्या. बिल्ला यंत्रात घातला तेव्हा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. केंद्रात धावपळ उडाली, नंदीश कोण म्हणून शोध सुरू झाला. तोवर हिंमतरावाने श्रीशैलला गाडीत बसवून गावाला पाठवले होते आणि वर कळवले होते, की नंदीश न सांगता गावी पळाला.

म्हणूनच आज अणुकेंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक मंडळाची माणसे गावात येणार होती. नंदीशला शोधत.

हिंमतराव सकाळपासून ओसरीवर ठाण मांडून बसला होता. पांढरा सदरा आणि खिशात दोन फोन. महानंदाने आतून चहा पाठवला. तो नंदीशला पढवत होता, पुन्हा पुन्हा, शाळेतल्या कवितेसारखा.

"खोलीत कोण गेलतं?"

"मी."

"तुकडा कुणी उचलला?"

"मीच." नंदीशच्या कपाळावर घाम होता. "पर अण्णा, हात बघतो म्हणल्यावर?"

"हात दाखव की. तुझा हात धडधाकट हाय. हातमोजा होता म्हणायचं. रगत घेतील, तेबी चांगलं निघंल. फाईल मिटली. सोमवारी माझी अकरा माणसं जाणार हायत, त्यांच्या पोटावर पाय देऊ नका म्हंजे झालं."

दाराआडून महानंदा म्हणाली, "आन ह्यांच्या हाताचं?"

परक्या माणसासमोर त्या घरातली सून दाराआडूनही बोलत नसे. रेवणप्पांची मान ताठ झाली. "सुम्मनिरु," ते कानडीत पुटपुटले. रागावले की त्यांना कानडी सुचत असे. गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ.

हिंमतराव हसला. "वैनी, हात होतोय बरा. पर नाव बदलून आत गेला हे भाईर आलं, तर दोघं भाऊ तुरुंगात जातील. सगळ्या गावाचे पास रद्द होतील. लोक तुमच्या दारावर थुंकतील. इचार करा."

महानंदा चुलीपाशी बसली आणि खरोखरच विचार करू लागली. सातवी शिकलेली बाई ती. किरण म्हणजे काय हे तिला कळत नव्हते, पण फाईल मिटली या शब्दाचा अर्थ तिला नीट कळला. नंदीशचे रक्त चांगले निघणार. कागदावर लिहिले जाणार, की माणूस ठीक आहे. मग या बावीस दिवसांच्या पट्टीखाली काय चालले आहे, हे विचारायला जगात कुणीही येणार नाही. उमरग्याचे डॉक्टर मलम देत राहतील. काल पट्टी सोडताना करंगळीचे टोक काळे पडलेले तिने पाहिले होते आणि कुणालाच सांगितले नव्हते.

अकरा वाजता गाडी आली. तिच्यातून शिवांजली नावाच्या अधिकारी बाई उतरल्या. वय पस्तिशीचे, पायात धुळीने माखलेले बूट. बरोबर रक्त घेणारा तंत्रज्ञ होता. गाडी पाहून ओसरीसमोर वीस-पंचवीस माणसे जमली. शेजारची दगडाबाईही काठी टेकत येऊन पायरीवर बसली. तिचा एकुलता एक इंद्रजित तीन वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकखाली गेला. तेव्हापासून कुठे चार माणसे दिसली, की ती येऊन बसे.

शिवांजली मॅडमनी नंदीशला सगळे विचारले. तो पढवल्याप्रमाणे बोलला. त्यांनी त्याचे दोन्ही हात उलटसुलट पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काहीच त्रास झाला नाही? उलटी? हाताला लाली?"

"न्हाय."

"आश्चर्य आहे." त्यांनी कागद पुन्हा पाहिला. "एवढ्या आकड्याला हात असा राहत नाही. बरं, रक्त घेऊ."

तंत्रज्ञाने नंदीशच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. नंदीशने डोळे मिटले. हिंमतराव खांबाला टेकून मिशीवरून बोट फिरवत होता. रेवणप्पा जमिनीकडे बघत होते. सुई पिशवीतून बाहेर आली आणि त्याच वेळी आतल्या खोलीचे दार उघडले.

महानंदा बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण मान वर होती. तिने श्रीशैलचा डावा दंड धरून त्याला ओसरीवर आणले.

"रगत ह्यांचं घ्या," ती म्हणाली. "बिल्ला भाऊजींच्या नावाचा व्हता. अंग ह्यांचं व्हतं."

"महानंदा!" रेवणप्पा उभे राहिले. "घराची अब्रू..."

"मामा, तुमच्या पाया पडते. अब्रू उद्या बघू. आज हात बघा."

आणि सगळ्यांसमोर तिने पट्टीची गाठ सोडली. पट्टीचा एकेक वेढा सुटू लागला, तसा आधी वास आला. मग हात दिसला. बायकांनी तोंडाला पदर लावले. पुढे उभा असलेला एक गडी मागे सरकला. शिवांजली मॅडम मात्र पुढे झाल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि हाताला न लागता जवळून पाहत राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"आजच मुंबईला न्यायचं. आत्ता. मी फोन करते."

"हात ऱ्हाईल का, मॅडम?" श्रीशैलने विचारले. बावीस दिवसांत त्याने हा प्रश्न पहिल्यांदाच कुणाला तरी विचारला होता.

त्यांनी खोटे सांगितले नाही. "बोटांचं सांगता येत नाही. तुम्ही राहावं म्हणून धडपडू."

रेवणप्पा मटकन खाली बसले. या म्हाताऱ्याला दुष्ट समजण्याचे कारण नाही. त्यांनी आयुष्यभर घराचे एक नाव जपले होते. त्या नावाखाली पोटचा मुलगा कुजत होता, हे त्यांना आता दिसले. त्यांनी श्रीशैलच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते मोठ्याने रडू लागले.

शिवांजली मॅडम जमलेल्या लोकांकडे वळल्या. "चूक आमचीही आहे. आम्ही बिल्ले तपासत राहिलो. बिल्ल्यामागचा माणूस तपासायला मी आज पहिल्यांदा कुणाच्या ओसरीवर आले." त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला. "या गावातल्या अकरा जणांची नावं आहेत. यातला जो इथं हजर असेल त्यानं सांगावं. कुणावरही राग नाही. मला फक्त कळू द्या, की आत खरं कोण गेलं होतं."

हिंमतराव हळूच पायरी उतरू लागला होता.

त्यांनी नावे वाचायला सुरुवात केली. पहिल्या नावाला उत्तर आले नाही. दुसऱ्या नावाला मागून एक बाई घाबरत म्हणाली, "त्यो माझा भाऊ हाय, पर जातो माझा नवरा." तिसऱ्या नावाचा माणूस समोरच उभा होता. तो गावाबाहेर कधी गेलाच नव्हता. लोक एकमेकांकडे पाहू लागले. हजेरीपटावरची ती जुनी गंमत आता कुणालाच हसू आणत नव्हती.

"पाचवं नाव," मॅडम म्हणाल्या. "इंद्रजित हिंदुराव. गेल्या महिन्यापर्यंतची नोंद आहे. बिल्ला जवळजवळ भरलेला."

पायरीवर काठी पडल्याचा आवाज झाला.

"कोन म्हणला?" दगडाबाईने विचारले.

मॅडमनी नाव पुन्हा वाचले.

"बाई, माझा इंद्रजित तीन वर्सांमागं गेला. ह्या हातांनी म्या त्याचं तोंड पुसलं." म्हातारीने मान वळवली आणि गाडीच्या आडोशाला पोचलेल्या हिंमतरावाकडे पाहिले. "मदत मिळवून देतो म्हणून त्याची कागदं ह्यानं नेली. परत दिलीच न्हाईत."

हिंमतराव थांबला. त्याच्याभोवती माणसे गोळा झाली होती. कुणी हात उगारला नाही, पण कुणी वाटही दिली नाही.

मॅडमची लेखणी त्या नावावर तशीच थांबली होती. महानंदा नवऱ्याचा हात स्वच्छ फडक्यात गुंडाळत होती, तिचेही हात थांबले. सोमवारी तो बिल्ला छातीला लावून पुन्हा कुणीतरी आत जाणार होते. ते कुठल्या गावचे, कुठल्या घरचे, हे तिथल्या एकालाही सांगता येत नव्हते.

दगडाबाई उठली. काठी न घेताच दोन पावले पुढे आली.

"मंग सांगा की कुणीतरी," ती म्हणाली, "माझ्या मेलेल्या लेकाच्या नावानं कुणाचा जिता लेक जळायलाय?"