एकतीस तुळया

आमच्या कंपनीने बांधलेलं घर गळत नाही. खिव्यापासून उर्गेंचपर्यंत कुणालाही विचारा, हेच सांगतील. ‘मतनियाज आणि मुलगे’ म्हटलं की गिऱ्हाईक जास्त चौकशा करत नाही, सरळ पाया कधी खणायचा ते विचारतं. चार पिढ्या ह्या घराण्याने लोकांच्या डोक्यावर छप्परं घातली. मी ह्या घराण्याची सून. बर्फ वितळायला लागलं की माझ्या स्वयंपाकघरात दोन बादल्या आणि एक पातेलं मांडावं लागतं. पातेलं मोठंच हवं, कारण चुलीवरची धार जाड आहे.

चोवीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले तेव्हा रोझमतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला छातीएवढ्या भिंती हिंडून दाखवल्या होत्या. ही बैठक, ही पूर्वेची खोली, हा ओटा, आणि थंडीच्या आत छप्पर. कोणत्या वर्षीची थंडी ते सांगायचं राहून गेलं. दियोर पोटात होता म्हणून घाईघाईने दोन खोल्या झाल्या. बाकीच्या भिंती पुढे उंच झाल्या, पण त्यांच्यावर अजून आभाळच आहे. आमच्यासाठी विटा आल्या की कुणाच्या तरी घराला नेमक्या तेवढ्याच कमी पडायच्या. एकदा दारं आली होती, ती चौकटींसकट गेली. दर वेळी मोठे दीर, एगमबर्गन अका, म्हणजे दादा, फाटकात उभे राहून म्हणायचे, “आयजमाल, घर काय पळून चाललंय का? गिऱ्हाईक पळून जाईल.” कंपनी तेच चालवतात. रोझमत भिंतींचा कारागीर. त्याची भिंत ओळंब्याला रेसभर सरकणार नाही, पण भावासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

विटा गेल्या, दारं गेली, सगळं गिळलं. पण झाडांच्या बाबतीत मी ऐकणार नव्हते.

दियोर जन्मला त्या वसंतात सासऱ्यांनी पाटाच्या कडेला पॉप्लरची चाळीस रोपं लावली. आमच्याकडे मुलगा झाला की लावतातच. मुलगा लग्नाचा होईतो झाडं तुळयांएवढी होतात आणि त्याच्याच घराच्या छपराला लागतात. लावली सासऱ्यांनी, पाणी घातलं मी. पाट आटला त्या वर्षी हापशावरून बादल्या वाहिल्या, तरी आठ झाडं गेलीच. एक शेळीने खाल्लं. उरली एकतीस. मागच्या हिवाळ्यात ती तोडली, साली काढल्या, पडवीच्या सावलीत रास रचली. सासऱ्यांनी एकेका तुळईच्या टोकाला स्वतः पटाशीने कंपनीची खूण कोरली, तीन आडव्या खाचा आणि त्यांवरून एक तिरपी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, उकिडवा बसून, एकतीस वेळा. “आता ह्यांना कुणी हात लावणार नाही,” म्हणाले. मलाही ते पटलं, हीच माझी अक्कल.

दियोरचं लग्न नोदिराशी ठरलं होतं, ऑक्टोबरात करायचं होतं. आठवडाभर आधी मुलीकडच्या बायका येऊन तिच्या खोलीत पेटी मांडतात, गोधड्यांची उतरंड रचतात, भिंतींवर कपडे टांगतात. त्याला खोली लागते आणि खोलीला छप्पर लागतं. ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी मी नान घेऊन मुलीकडे जायचं आणि दिवस पक्का करून यायचा, असं बोलणं झालं होतं.

मंगळवारी सकाळी मी बाजारात गेले होते. दुपार उलटल्यावर परत येऊन पाहते तर पडवीत रास नाही. खाली घातलेले ठोकळे तेवढे होते, आणि पिवळं पडलेलं गवत.

मी तशीच कंपनीच्या आवारात गेले. एगमबर्गन अका दोन फोनांवर एकदमच बोलत होते.

“अका, दियोरच्या तुळया कुठंयत?”

“कुठल्या?”

“आमच्या पडवीतल्या.”

“त्या होय!” त्यांनी एक फोन खाली ठेवला. “पोरं ट्रक घेऊन गेली होती. आपली लाकडाची वॅगन सरहद्दीवर अडकलीय. आणि कादिर मुख्याध्यापकांना मी शब्द दिलाय, शाळा उघडायच्या आत छप्पर. मग म्हटलं पोरांना, आपली खूण दिसेल ते लाकूड उचला. त्यांनी उचललं.”

“ती खूण बाबांनी घातली होती, कुणी नेऊ नये म्हणून!”

“खूण कंपनीची आहे का नाही? मग लाकूड कंपनीचं. पोरांचं काय चुकलं?”

“माझ्या सुनेची खोली होती ती.”

“अगं, वॅगन येऊ दे, चांगलं पाइनचं लाकूड देतो. तुझ्या त्या वाकड्या काठ्यांपेक्षा सरळ. चिडतेस काय एवढी? घर काय पळून...”

“पळालं की,” मी म्हणाले. “आज सकाळीच पळालं, तुमच्या ट्रकात बसून.”

हिशेब लिहिणारी मुलगी फिसकन हसली आणि लगेच चहाच्या पेल्यात तोंड घातलं.

मुख्याध्यापकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तुळया खाली उतरवून घ्यायच्याच, असं ठरवून मी निघाले होते. पण पोचले तेव्हा एकतीसच्या एकतीस चढल्या होत्या, आणि त्यांच्याखाली जेवणाचा दस्तरखान अंथरला होता. आता आमचा रिवाज असा, की तुळया चढल्या की त्याच दिवशी घरच्यांनी आणि कामकऱ्यांनी त्यांच्याखाली बसून एकत्र नान मोडायचा. नान मोडला की ती तुळई त्या घराची. मग तिला हात लावायचा नाही, भूकंप झाला तरच. हा रिवाज सांगावा कुणी, तर आमच्याच घराण्याने.

नान मोडून झाला होता. मुख्याध्यापकांच्या म्हाताऱ्या आईने मला दारात पाहिलं आणि उठून हाताला धरलं. “ये गं, मतनियाजांची सून ना तू? बस. तुमच्या लोकांनी किती भराभर केलं बघ. डोळे मिटायच्या आत पक्कं छप्पर बघितलं मी.” तिने माझ्या हातात शेपूच्या हिरव्या शेवयांचा वाडगा दिला आणि वर नानचा तुकडा ठेवला.

काय बोलणार होते मी? तिच्या तोंडात दात नव्हते आणि ती एवढी हसत होती. मी खाल्लं. माझ्याच झाडांखाली बसून, माझ्याच तोंडाने तो नान खाल्ला. मधे दोनदा पाणी प्याले.

दस्तरखानाच्या दुसऱ्या टोकाला दियोर बसला होता. मला पाहून त्याला ठसका लागला. बाहेर गल्लीत मी त्याला गाठलं.

“तू ओळखल्या नाहीस?”

“ओळखल्या की. मधे पोक आलेली ती मी दारावर घेतली, तिथे शोभते. सगळ्या मीच चढवल्या.”

“आणि बोलला नाहीस?”

“काय बोलणार? काकांनी शब्द दिला होता. कंपनीच्या नावाचा प्रश्न होता, आई. आणि आपलं घर काय पळून चाललंय का?”

माझा हात उचलला गेला होता. पण त्याच्याकडे पाहिलं आणि तो तसाच राहिला. केसांत भुसा, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान. चोवीस वर्षांपूर्वी मला भिंती दाखवताना रोझमत अगदी असाच दिसत होता. आतापर्यंत मी छपरासाठी भांडत होते. आता मला नोदिराची काळजी वाटायला लागली.

संध्याकाळी रोझमतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बोलतो अकांशी.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की त्याने तोंड उघडायच्या आधीच मला ऐकू येतं.

गुरुवारी मी आठ नान भाजले, कापडात बांधले आणि जाऊबाईंना, एगमबर्गन अकांच्या बिकाजानला, बरोबर घेतलं. दोघींनी जायची पद्धत आहे. शिवाय बिकाजानने पाहिलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते, तेही मी मनात धरलं होतं.

नोदिराची आई सापारगुल कमी बोलणारी बाई. नोदिराने चहा ओतला. सापारगुलने नानचं गाठोडं जवळ ओढलं. “मग विहीणबाई, कोणता दिवस आणलात?”

“दिवस नाही आणला,” मी म्हणाले. “मुलगी देऊ नका.”

बिकाजानच्या हातातला चहा तिच्या मांडीवर सांडला. “काय बोलतेयस!”

“बोलू दे गं मला. सापारगुल, नोदिरात खोट नाही, माझ्या दियोरातही नाही. पण तिच्या खोलीला छप्पर नाही. तुळया होत्या, त्या गिऱ्हाइकाच्या घरावर चढल्या, आणि चढवल्या माझ्याच मुलाने. उद्या दुसऱ्या येतील, त्याही जातील. पूर्वेच्या खोलीवर छप्पर चढेतोवर, आणि तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहून मान वर करून बघेतोवर, मुलगी घरातच ठेवा. माझ्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने नुसत्या भिंती पाहिल्या आणि म्हणाली, घरं बांधणाऱ्यांचं घर, छपराची काय चिंता.”

मला वाटलं, सापारगुल आता धीर देईल, असू दे म्हणेल. तिने गाठोड्याची गाठ सोडलीच नाही, उलट आणखी आवळली आणि ते माझ्याकडे सरकवलं. “मग हे परत न्या. छप्पर झालं की ताजे आणा.”

भरलेलं गाठोडं परत आणणं म्हणजे काय, ते आमच्या गावात पोराटोरांनाही कळतं. मुलगी द्यायला नकार. मी ते मागितलंच होतं, तरी गाठोडं लगेच उचलवलं नाही. फाटकाशी नोदिरा आली. डोळे लाल होते. “मावशी, मी थांबेन,” ती हळूच म्हणाली. “पण बर्फ पडायच्या आत बघा.”

आठ नान डोक्यावर घेऊन मी भर बाजारातून परत आले. लांबचा रस्ता धरला. बिकाजान सारखी म्हणत होती, “मागच्या गल्लीने चल ना गं, लोक बघतायत.” बघत होतेच.

शुक्रवारी दुपारपर्यंत गावभर झालं, मतनियाजांच्या नातवाची सोयरीक मोडली, का, तर घराला छप्पर नाही. एगमबर्गन अकांना दोन गिऱ्हाइकांचे फोन आले. एकाने म्हणे विचारलं, तुमच्याकडे लाकडाचा तुटवडा आहे का. अका लालबुंद होऊन माझ्या फाटकात आले.

“चार पिढ्यांचं नाव मातीत घातलंस!”

“छपरावर घालायलाही माती लागतेच, अका. पाठवा चार गाड्या.”

ते फाटक आपटून निघून गेले. दियोरने माझ्याशी बोलणं टाकलं. सहा दिवस. जेवण वाढलं की ताट घेऊन बिनछपराच्या खोलीत जाऊन बसायचा. मी चुकले का, असं त्या सहा दिवसांत मला रोज वाटलं, आणि रोज त्या बादल्या पाहिल्या की वाटायचं थांबलं.

सातव्या दिवशी वॅगन आली. कंपनीचा ट्रक माझ्या फाटकात उभा राहिला, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा तो भरायला नाही, रिकामा व्हायला आला होता. अका खाली उभे राहून मोजायला लागले. “बारा इथे टाका, बाकीच्या त्या डॉक्टरांच्या...”

रोझमत भिंतीवर बसून ओळंबा लावत होता. “अका,” तो वरून म्हणाला, “सगळ्या उतरवा.” आवाज चढवला नाही. ओळंब्यावरची नजरही काढली नाही. पण अकांनी मान वर करून भावाकडे पाहिलं, आणि सगळ्या उतरवल्या. मी चूल पेटवायच्या निमित्ताने आत गेले आणि डोक्याच्या रुमालाने तोंड दाबून रडले.

नऊ दिवसांत तुळया चढल्या. दियोरने शेवटची बसवली आणि वरून ओरडला, “आई, बघ, सरळ आहे ना?” सरळ होती. सगळ्याच सरळ होत्या, परक्या जंगलातल्या. माझी झाडं दोन गल्ल्या पलीकडे एका म्हातारीच्या डोक्यावर आहेत आणि ती सुखाने झोपते. तिचा राग येत नाही. पण त्या गल्लीतून अजून मी जात नाही.

नान मोडायच्या आधी सासरे शिडीशी आले. हातात पटाशी आणि हातोडी. दियोर त्यांना वर घ्यायला खाली उतरत होता. मी मधे गेले आणि त्यांच्या हातातून पटाशी काढून घेतली. सुनेने असं कधी केलं नव्हतं.

“खूण नको, बाबा.”

“मग कळणार कसं,” ते म्हणाले, “घर कुणी बांधलं?”

“नाही कळलं तरी चालेल. फक्त कुणी उचलून नेऊ नये.”