सात वाजून पाच मिनिटांनी

तिने पट्टी कागदावर टेकवली आणि चौदाव्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. मग पंधराव्या, मग सोळाव्या. संगणकातून छापून घेतलेले नऊ कागद जेवणाच्या टेबलावर एकाला एक लावून मांडले होते. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, एक नंबर आणि शेवटी एकच शब्द होता : अडवले.

पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं काढली की एक सवय लागते. नेहमीचं काय ते आधी बाजूला करायचं, मग उरेल ते पाहायचं. दर अर्ध्या तासाने न चुकता येणारा एक नंबर होता. तिने प्रिंटर बंद करून पाहिला, तो नंबर थांबला. म्हणजे तो प्रिंटर. दुसरा दर एक तासाने येई, तो तिचाच फोन निघाला. उरला सातवर संपणारा एक नंबर. तो रोज सकाळीच यायचा, सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास. कधी सात-चार, कधी सात-नऊ.

तिने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तीन आठवड्यांपूर्वी मशीनमधला व्हायरस काढून, नको ते बाहेरच अडवणारी ही फायरवॉल त्यानेच बसवून दिली होती.

"मॅडम, अडवलंय म्हणजे चांगलंच झालं की! चोर दाराबाहेरून परत गेला."

"हो, पण रोज सकाळी सातलाच कसा येतो?"

"शिस्तीचा चोर दिसतोय."

"थट्टा नको. एका वेळी तीन-तीन ओळी आहेत."

"एकदा क्लिक केलं की मशीन तीनदा दार वाजवतं, म्हणून तीन ओळी. नंबर सांगा बरं. एकशे ब्याण्णवने सुरू होतो का?"

"हो."

"मग चोर घरातलाच, मॅडम. तुमच्याच वायफायवरचा. आणि पोर्ट? त्याच्या पुढचा आकडा?"

"चारशे पंचेचाळीस."

"म्हणजे तुमच्या मशीनवरची फाइल उघडायला बघतंय कुणीतरी. तुम्ही कुणाला फाइल वापरायला दिली होती का?"

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बघते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

वायफाय एकच होतं. खालच्या मजल्यावर ती आणि वरच्या मजल्यावर ताई, दोन घरांत दोन कशाला, असं ताईनेच ठरवलं होतं. फाइलही एकच होती. गच्चीच्या भिंतीवरचा थर्मामीटर ताई रोज सकाळी सातला वाचायची, आणि खाली येऊन धाकट्या बहिणीच्या वहीत आकडा लिहायची. पुढे वहीची फाइल झाली, तशी ताई वरूनच लिहायला लागली. महिन्याची सरासरी आणि आलेख हे धाकटीचं काम. एकोणतीस वर्षांत एक दिवस गाळलेला नव्हता. कुणी विचारलं, हे कशासाठी, तर दोघींनाही नीट सांगता आलं नसतं.

मग एका सकाळी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, आणि सहज थर्मामीटर पाहिला. चोवीस पॉइंट दोन. खाली येऊन फाइल उघडली, तर ताईने लिहिलं होतं, चोवीस पॉइंट आठ. तिने आठ खोडून दोन केला. लॅबमध्ये चुकलेला आकडा असाच दुरुस्त करत. विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

ताईने दुसऱ्या दिवशी जिन्यातच गाठलं.

"माझा आकडा तू बदललास?"

"अगं, चुकून पडला असेल. मी स्वतः बघितला."

"चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले मी. अर्धा सेंटीमीटर इकडचा तिकडे झाला नाही. माझे डोळे जातील ना, तेव्हा मीच सांगेन तुला, शहाणे."

त्यानंतर फाइलमध्ये एकही आकडा पडला नव्हता. जिन्यात भेट झाली तर ताई "हं" म्हणायची, तीही "हं" म्हणायची. ताईने रागाने लिहायचं सोडलं, असं तिने धरून चाललं होतं. इतक्या वर्षांचं काम सहा दशांशांसाठी टाकून देणारी माणसं असतात, असंही तिने एकदा आरशासमोर पुटपुटून पाहिलं होतं.

आता तिने कागदावरची पहिली तारीख पाहिली. जिन्यातल्या भांडणाचा दुसरा दिवस. फायरवॉल बसवल्यानंतरची पहिली सकाळ. आणि तिला आठवलं. दात घासता घासता तिने संगणक सुरू केला होता, तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली होती : येऊ द्यायचं का? कळलं नाही तर 'नाही' म्हणा, असं कॉम्प्युटरवाल्याने बजावलं होतं. तिने एका हाताने 'नाही' दाबलं होतं. खाली 'पुन्हा विचारू नका' असं होतं, त्यावरही खूण केली होती.

तिने ओळी मोजल्या आणि तीनने भागल्या. पहिल्या दिवशी दोन क्लिक. दुसऱ्या दिवशी चार. मग रोज एक किंवा दोन, रविवारीसुद्धा. यंत्राच्या वेळा सारख्या असतात, या सारख्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी एका क्लिकनंतर वीस सेकंदांनी दुसरा, मग चार मिनिटं काहीच नाही, मग आणखी एक. चष्मा पुसायला लागतील एवढी चार मिनिटं. एका तारखेला मात्र तेहतीस ओळी होत्या. म्हणजे अकरा वेळा. ती तारीख तिने बराच वेळ पाहिली. त्या सकाळी नळाचं पाणी हाताला चावलं होतं. वर्षातली सगळ्यांत थंड सकाळ होती ती, आणि ती सांगायला ताई अकरा वेळा आली होती.

तिने फायरवॉलची यादी उघडली, सातवर संपणाऱ्या नंबराची बंदी काढून टाकली आणि खात्री करण्यासाठी यादी पुन्हा उघडून पाहिली. वर जाऊन सांगावं, असं वाटलं. पण काय सांगायचं, ते जुळेना.

दुसऱ्या दिवशी साडेसहापासून ती संगणकासमोर बसली. सात वाजले. सात-पाच झाले. सात-नऊ. फाइल रिकामीच राहिली. तिने नोंदी उघडल्या. आज कुणी दार वाजवलंच नव्हतं.

सात-पंधराला ती तशीच गाऊनवर जिना चढली.

ताई गच्चीवर होती, थर्मामीटरसमोर, हातात पाठकोरा कागद. मागे वळून न बघता म्हणाली,

"कुलूप लावायचं होतं तर सांगायचं तरी."

"मी नाही लावलं. म्हणजे मीच लावलं, पण मला कळलं नाही गं. काल कळलं."

"बावीस दिवस?"

"बावीस दिवस."

ताईने कागद तिच्यापुढे धरला. बावीस आकडे, एकाखाली एक, सगळे वळणदार. थंड सकाळच्या आकड्याखाली दोन रेघा.

"आजचा राहिलाय," ताई म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे वळली. टाचा उचलल्या, मान मागे टाकली. "एकोणीस पॉइंट सहा."

ती ताईच्या मागेच उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर पारा सरळ एकोणीसवर होता. ती ताईच्या उंचीला येईपर्यंत गुडघ्यांत वाकली आणि तिथून वर पाहिलं. तिथून तो एकोणीस पॉइंट सहावरच दिसत होता.

एकोणतीस वर्षांपूर्वी थर्मामीटरचा खिळा ताईच्या डोळ्यांच्या रेषेत ठोकला होता. खिळा तिथेच होता. ताई तिथे राहिली नव्हती. पाठीचा बाक कधी आला, हे खाली बसून आलेख काढणाऱ्या धाकटीने पाहिलंच नव्हतं.

"काय गं? अशी काय बसकण मारलीस? चुकलं का परत माझं?"

"नाही. बरोबर वाचलंस." ती उठली. "ताई, हा थर्मामीटर वीतभर खाली घेऊया का?"

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग खिळ्याकडे. मग आपल्या उचललेल्या टाचांकडे, आणि त्या हळूच खाली टेकवल्या.

"मग तुला वाकावं लागेल," ताई म्हणाली.

"वाकेन की. हातोडी कुठे ठेवतेस?"