मिस्त्रींचं नाक

"अजून दाबा, पार तळापर्यंत," मिस्त्री ओरडले आणि त्यांनी पांढरं फडकं सायलेन्सरच्या तोंडासमोर धरलं.

केबिनमध्ये बसलेल्या कासवरावांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. ट्रक जागच्या जागी थरथरला, काळा लोट बाहेर पडला आणि फडक्याच्या मधोमध वाटीएवढा डाग उमटला. गॅरेजच्या दारात चहाचे पेले घेऊन चार-पाच ड्रायव्हर गप्पा मारत उभे होते. ते गप्प झाले, कारण आता मिस्त्री वास घेणार होते.

पस्तीस वर्षं हा कार्यक्रम चालत आला होता. मिस्त्री फडकं नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि गाडीचा रोग सांगायचे. कच्च्या डिझेलचा वास आला तर डिझेल फवारणारं नोजल गेलं, गोडसर आला तर इंजिनात पाणी शिरतंय, जळक्या तेलाचा आला तर पिस्टन नाहीतर टर्बो. एकदा बोलले की बोलले. दूरदूरचे ट्रकवाले धूर तपासणीत नापास झाले की आधी त्यांच्याकडे यायचे. नाकाचा विमा उतरवून ठेवा, अशी थट्टा व्हायची आणि मिस्त्रींना ती मनापासून आवडायची.

मिस्त्रींनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. त्यांना कसलाही वास आला नाही.

गेल्या वर्षी आठ दिवस ताप आला होता. ताप गेला तो वास घेऊन गेला. चार दिवसांत येईल परत, असं म्हणता म्हणता वर्ष उलटलं. एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरात बसलेले असताना हातभर अंतरावर दूध करपलं, भांडं कोळशासारखं झालं, तरी त्यांना पत्ता नाही. त्या दिवशी त्यांनी आशा सोडली. पण सांगणार कोणाला? ज्या माणसाचं सगळं नाव नाकावर, त्यानं नाक गेलं म्हणून सांगायचं म्हणजे दुकानाची पाटीच उतरवायची. मग कान, डोळे आणि जुनी सवय यांच्यावर भागवत गेले. काळा धूर असला की दहातल्या सात गाड्यांना नोजलच असतं. सात जण नाव काढायचे. उरलेले तिघे गाडीला दोष द्यायचे.

"कच्चं डिझेल," मिस्त्री डोळे उघडून म्हणाले. "नोजलं गेलीत सगळी. सहाच्या सहा बदलू."

कासवराव खाली उतरले. ट्रकही त्यांचा आणि ड्रायव्हरही तेच. एकोणीस वर्षांत एकदाही कोणाला ओव्हरटेक केलं नाही म्हणून हे नाव पडलेलं. हळूहळू त्यांच्या घरचेसुद्धा तेच म्हणू लागले होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"तपासणी केंद्रातल्या त्या मुलीनं दिलाय. म्हणाली, मिस्त्रींना नक्की दाखवा. तीनदा रेस केली ना, तर धुराचा आकडा दर वेळी चढत गेलाय. नोजल असतं तर म्हणे एका जागी राहिला असता."

"ती पोरगी काचेमागं बसते. धूर तिच्या अंगावर तरी आलाय का कधी?" मिस्त्री म्हणाले. "मशीनला नाक असतं होय?"

दारातले सगळे हसले. कासवरावही हसले. मिस्त्रींनी कागद न उघडता चहाच्या पेल्याखाली सरकवला. उघडला असता तर आकडे त्यांनाही कळले असते, तेवढं शिक्षण त्यांचं होतं. पण कागद वाचून निदान करायचं म्हणजे नाक कशाला हवं, असा प्रश्न कोणीतरी विचारला असता, आणि मिस्त्रींना नेमकी त्याच प्रश्नाची धास्ती होती.

"दोनदा नापास झालोय, मिस्त्री," कासवराव हळू आवाजात म्हणाले. "एवढ्या जुन्या गाडीला तीनच संधी. शुक्रवारी शेवटची. तिसऱ्यांदा गेली तर परवाना रद्द आणि गाडी केंद्रासमोरच्या, जुन्या गाड्या तोडतात त्या आवारात. दुसरी घ्यायचं आता माझं वय नाही."

"शुक्रवारी पास होऊन पेढे, नाही पेढे तर निदान चहा घेऊन या," मिस्त्री म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री बूट घालत होते तेव्हा बायको दोरीवरचं फडकं घेऊन आली. आठवड्याची फडकी तीच धुवायची. जुन्या चादरी फाडून केलेली फडकी, धुऊन पुन्हा वापरायची.

"अहो, हे बघा. दोनदा सोडा लावला. काजळी निघाली, पण ही कड काही केल्या निघत नाही."

फडक्याच्या मधला काळा डाग पुसट करडा झाला होता. त्याच्याभोवती मात्र पिवळट कडं पसरलं होतं. मिस्त्रींनी बोट फिरवलं. कड बोटाला बुळबुळीत लागली. काजळी पडते तिथेच राहते, पसरतं ते तेल.

"हे कासवरावांच्या गाडीचं?"

"शनिवारचं. एवढं एकच होतं. वास घेऊन बघा ना," बायको म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. तिनं नजर दुसरीकडे वळवली आणि उगीचच दोरीवरचे चिमटे सारखे करू लागली.

मिस्त्रींना कळलं की हिला ठाऊक आहे. बहुधा दूध करपलं त्या दिवसापासून. वर्षभर ती त्याबद्दल एका शब्दानं बोलली नव्हती. त्यांना तिचा राग आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

पण त्यात अडकायला वेळ नव्हता. टर्बो, दुसरं काही नाही. इंजिनात हवा कोंबणाऱ्या त्या पंख्याचं सील गेलं होतं, गाडी तापेल तसं तिथून तेल आत जात होतं आणि जळत होतं. म्हणून आकडा चढत होता. पोरीनं सांगितलं होतं तेच. टर्बो उतरवून सील घालायला एक दिवस लागला असता. शनिवारपासून असे सहा दिवस हातात होते आणि ते त्यांनी चांगली नोजलं काढून नवी बसवण्यात घालवले होते.

स्कूटर जमेल तेवढी दामटत ते केंद्रावर पोचले तेव्हा ट्रक चौथऱ्यावर चढलेला होता. सायलेन्सरमध्ये मशीनची नळी खुपसलेली होती. काचेमागे मुलीनं हिरवा दिवा लावला, ट्रक गरजला, भिंतीवरच्या पडद्यावर आकडा आला: दोन पूर्णांक तीन. मर्यादा दोन पूर्णांक पाचची. केबिनमधून कासवरावांनी मिस्त्रींना पाहिलं आणि हसून हात उंचावला.

मिस्त्रींनी हात वर केला नाही. आता आकडा उतरो, निदान तिथेच राहो, असं त्यांनी मनातल्या मनात कोणाकोणाला विनवलं. दुसरी रेस झाली. दोन पूर्णांक सात. तिसरी. तीन पूर्णांक एक.

मुलगी कागद घेऊन बाहेर आली. विशीबाविशीची असेल. मी म्हणाले नव्हते का, असं तिच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं आणि ते असतं तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

"काका, मागचा कागद तुम्ही बघितला होता ना?"

"बघितला होता," मिस्त्री म्हणाले.

"मग?"

मिस्त्रींनी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

"एक दिवस देता येणार नाही का, ताई?" कासवरावांनी विचारलं. "चूक सापडली तर एका दिवसात..."

"तारीख आजचीच आहे, काका. मशीन आपोआप पाठवतं पुढे. माझ्या हातात असतं तर दिला असता." तिनं कागद दोन्ही हातांनी पुढे केला. "संध्याकाळच्या आत गाडी समोर लावायची. तुम्ही स्वतः नेलीत तरी चालेल."

कासवरावांनी कागदाची नीट चौपदरी घडी घातली. मग मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही सगळं केलंत. इंजिनच थकलं असेल. माणूस थकतो, ते तर लोखंड. चला, बसा शेजारी. एकटं न्यायला जिवावर येतंय."

मिस्त्री केबिनमध्ये चढले. सीटवर घरी शिवलेलं गोधडीचं आसन होतं, काचेपाशी बारीकसा पाण्याचा तांब्या, आणि दारावर आतून कासवरावांच्या मुलींची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. सगळ्यात वरची खूण मिस्त्रींच्या खांद्याला लागत होती. ट्रक फाटकाबाहेर पडला. समोरचं आवार हाकेच्या अंतरावर होतं, पण रस्ता दुभाजकावरून वळसा घालून जात होता. कासवराव नेहमीच्याच गतीनं निघाले.

वळणाच्या अलीकडे मिस्त्रींना राहवलं नाही.

"कासवराव, मला वास येत नाही."

"आं?"

"नाक गेलंय माझं. वर्ष झालं. त्या दिवशी फडक्याचा वास मला आलाच नव्हता. मी ठोकून दिलं. नोजलं तुमची चांगली होती. टर्बो गेलाय. आज सकाळी कळलं."

कासवराव रस्त्याकडे बघत राहिले. गिअर बदलला. आता हे गाडी थांबवून उतरा म्हणतील, असं मिस्त्रींना वाटलं. म्हणाले तर उतरायचं, एक अक्षर बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

"जळक्या तेलाचा," कासवराव म्हणाले.

"काय?"

"वास. आत्ताही येतोय. चढाला लागलं की केबिनभर भरतो. दोन महिने तरी झाले असतील."

मिस्त्रींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीत?"

"त्या दिवशी गॅरेजात अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही फडकं नाकाला लावलंत, डोळे मिटलेत. मग म्हणालात, कच्चं डिझेल. मला वाटलं, आपलंच नाक चुकत असेल. तुमच्यापुढं मी काय बोलायचं?"

मिस्त्रींच्या खिशात ते फडकं होतं. ते दाखवायचं म्हणून त्यांनी सकाळी घाईघाईत घेतलं होतं. त्यांनी खिशात हात घातला, कापड मुठीत धरलं आणि तसंच राहू दिलं.

आवाराचं फाटक आलं. आत इंजिन काढलेले ट्रक रांगेनं उभे होते. रस्ता रिकामा होता, मागे एकही गाडी नव्हती. तरी कासवरावांनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, क्षणभर थांबले आणि ट्रक सावकाश आत वळवला.